करमाडचा निळा धूर

१

रविवारी सकाळी सुदर्शनचा ट्रॅक्टर करमाड फाट्यावर सांडूच्या गॅरेजसमोर येऊन थांबला, आणि त्याच्या मागनं आलेल्या धुरात समोरची रसवंती दिसेनाशी झाली. रसवंतीवाला खोकत बाहेर आला, शिवी द्यायला तोंड उघडलं, पण वर सुदर्शन बसलाय हे बघून त्यानं तोंड परत मिटलं.

धूर निळा होता.

सांडूची पोरगी तनुजा गॅरेजच्या दारात नोझल धूत बसली होती. अठराची पोरगी. दहावीत सरांशी भांडून वर्गातनं उठून आली ती परत शाळेत गेलीच नाही. आता निम्मं गॅरेज तीच बघायची. डोकं तापायला तिला काही लागत नव्हतं, पण नजर अशी, की जालना रोडनं जाणाऱ्या गाडीचा धूर बघून ती बसल्या जागी गाडीचं दुखणं सांगायची. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नायतर हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल कच्चं जातंय, नायतर आत पाणी उतरलंय. आणि निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. निळा दिसला की सगळे मिस्तरी एकच बोलतात, पिस्टनच्या रिंगा गेल्या.

आणि ह्या ट्रॅक्टरच्या रिंगा सांडूनंच होळीच्या आधी नव्या घातल्या होत्या. अख्खं इंजिन खोलून परत बांधलं होतं त्यानं.

सुदर्शन खाली उतरला. करमाडातली बऱ्यापैकी जमीन त्याच्या घरची, आणि उन्हाळाभर हा ट्रॅक्टर पाण्याचा टँकर ओढत शहरात गारखेड्यातल्या सोसायट्यांना पाणी घालायचा. तो बोलायला लागला तसे चहाच्या टपरीवरचे लोक उठून जवळ आले. तो म्हणला की सोसायटीवाले धुराला वैतागलेत, टँकर बंद करायची धमकी देतात, आणि हे सगळं कशामुळं तर सांडूनं नव्या रिंगा सांगून जुन्याच परत बसवल्या म्हणून.

"उद्या सकाळी इथंच इंजिन खोलायचं," सुदर्शन म्हणला. "चिकलठाण्याच्या शिवराज मिस्तरीच्या हातानं, सगळ्यांसमोर. रिंगा जुन्या निघाल्या तर तू करमाडात पान्याला हात लावायचा नाय, सांडू. आणि तवर माझ्या ट्रॅक्टरला बी हात लावू नको."

तनुजा उठलीच होती. बापानं नुसतं वळून बघितलं, तशी ती थांबली.

सांडू म्हणला, "खोला." आणि आत निघून गेला.

२

सगळे पांगल्यावर तनुजा आत गेली. सांडू व्हाइसच्या शिकंज्यात लोखंडाचा एक तुकडा धरून कानसीनं घासत होता. तो तुकडा कशाचाच नव्हता. हात रिकामे राहू नयेत म्हणून घासत होता.

तिनं त्याला सरळ सांगितलं, की खोला म्हणून तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. महिनाभर ऑइल जाळलेल्या इंजिनात नवी रिंग बी काळीठिक्कर पडलेली असणार. खरं खोटं करायचं तर रिंगच्या टोकांतली फट गेजच्या मापानं मोजावी लागते, आणि ते गेज उद्या कोणाच्या हातात असणार? शिवराजच्या. ज्याची अर्धी गिऱ्हाइकं दोन वर्षांत तुमच्याकडं आली त्याच्या. भोवती उभ्या माणसांना गेज कळत नाय. त्यांना काळा रंग दिसणार आणि विषय संपणार.

सांडू घासत राहिला.

मग तिनं ते विचारलं जे विचारायचं नव्हतं. "आबा, घातल्या होत्या ना नव्या?"

त्याचा हात थांबला. "तुला बी इचारावं वाटलं?"

"वाटलं. उत्तर द्या."

सांडूनं कानस खाली ठेवली. हनुवटीनं कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपाकडं खूण केली, बस.

तनुजानं पिंप आडवं केलं. बेअरिंगा, गंजलेले बोल्ट, फाटके बेल्ट बाहेर आले, आणि मग तारेत ओवलेला रिंगांचा झुबका. सांडू प्रत्येक इंजिनच्या जुन्या रिंगा अशा तारेत ओवून टाकायचा, त्याची सवय होती ती. तिनं झुबका उजेडात धरला. घासून घासून कडा ब्लेडसारख्या झालेल्या, आणि त्यातली एक रिंग दोन ठिकाणी तुटलेली. ती तुटकी रिंग तनुजाला लगेच ओळखू आली. सुदर्शनच्या इंजिनच्या तिसऱ्या पिस्टनात ती अडकून बसली होती आणि तनुजानंच ती पक्कडीनं ओढून काढली होती, बोट कापून घेतलं होतं.

जुन्या रिंगा पिंपात होत्या, म्हणजे इंजिनात नव्याच होत्या. बाप खरा होता. तिला एकदम हलकं वाटलं, आणि बापाला विचारलं ह्याचा रागही आला, स्वतःचाच.

पण उद्या हा झुबका दाखवून काय होणार? कोणीही म्हणेल, दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनच्या असतील. लोकांना झुबका नको होता, धुराचं कारण पाहिजे होतं. आणि रिंगा नव्या असतील तर धूर निळा का?

इंजिन ऑइल जाळत होतं. मग ते आणत कुठून होतं?

तिनं स्कूटीची चावी उचलली.

३

गारखेड्यातल्या सोसायटीच्या मागं सोमनाथ टँकर रिकामा करत होता. सुदर्शनचा ड्रायव्हर. पाइप हौदात सोडून तो निवांत सावलीला बसलेला. तनुजा दिसल्याबरोबर म्हणला, मालकानं सांडूकाकाला हात लावू नको म्हणलंय, तुझं काय बोलला नाय, तवा बघ काय बघायचं ते. त्याचाही जीव धुरानं मेटाकुटीला आला होता. चौकात पोलिसांनी थांबवलं की बोलणी तो खायचा, मालक नाही.

तनुजानं इंजिनच्या ऑइलची पट्टी ओढली. पुसली, परत घातली, परत ओढली.

ऑइल वरच्या खुणेला होतं. काठोकाठ.

तिचं डोकं सणकलं. "कितीदा भरलं मागनं? मालकाला कळू नये म्हणून भरत असतोस ना?"

सोमनाथ उठून उभा राहिला. त्यानं आईची शपथ घेतली, पोरीची घेतली. इंजिन बांधल्यापासून ऑइलचा डबा फोडला नाही म्हणला. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये सीलबंद डबा होता तोही काढून दाखवला.

म्हणजे हे असं झालं, की एवढा निळा धूर महिनाभर निघतोय आणि पट्टी जिथल्या तिथं. ऑइल जळतंय, पण घटत नाही.

"मंग भूत आणून घालतंय का?" सोमनाथ म्हणला.

तनुजा हसली नाही. धूर पहिल्यांदा कधी दिसला ते तिनं विचारलं. सोमनाथनं आठवून सांगितलं की बांधून आणल्यावर पहिले काही आठवडे इंजिन लई गोड चाललं, धुराचं नाव नव्हतं. मग केंब्रिज चौकाजवळ सुदर्शन स्वतः चालवत असताना भरला टँकर कलंडला. मालक गाडीखाली यायचा थोडक्यात वाचला. धूर त्या अपघातानंतरचा. आता दर शनिवारी ट्रॅक्टर घरी उभा असतो, मालकाच्या आईनं घातलेली शपथ हाय, आणि सोमनाथला सुट्टी.

एवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतनं सदाशिवकाका बोलले. सोसायटीतले सगळ्यांत जुने रहिवासी. कचेरीत नोकरी करून रिटायर झालेले, घराणं भिक्षुकीचं, त्यामुळं मुहूर्त आणि ग्रहशांती विचारायला लोक अजून त्यांच्याकडं येतात. टँकर बंद करा ही तक्रार त्यांचीच होती.

"अहो, माणसानं श्वास घ्यायचा की नाही?" ते म्हणाले. "बुधवार-गुरुवारपर्यंत कमी कमी होत जातो. शुक्रवारी तर नसतोच म्हटलं तरी चालेल. वाटतं, झाली दुरुस्त. आणि रविवारी परत खिडक्या लावून बसा. त्या सुदर्शनच्या घरची माणसं एवढी देवभोळी, आई तर अपघाताचं विचारायला इथवर आली होती माझ्याकडे. पण गाडीची निगा राखायला नको?"

तनुजा उलटं बोलणार होती. पण शब्द तोंडात तसाच राहिला.

शुक्रवारी नाही, आणि रविवारी आहे.

रिंगांना वार कळत नाही.

४

ती ट्रॅक्टरच्या चाकावर बसली आणि विचार करायला लागली. रिंगा गेलेलं इंजिन रोज धूर काढतं. सोमवारी काढतं, शुक्रवारी काढतं. आठवड्याला सुरू होऊन आठवड्यात संपणारा धूर म्हणजे कोणी तरी बाहेरनं घालतंय. दर आठवड्याला एकदा. जेवढं घातलं तेवढं जळलं की धूर बंद.

पण घालतंय कुठनं? पट्टी सांगत होती की इंजिनच्या पोटात कोणी काही ओतलेलं नाही. इंजिन बाहेरनं दोनच गोष्टी आत घेतं, डिझेल आणि हवा.

डिझेलची नळी सोडून तिनं चार थेंब बोटावर घेतले. चोळले, वास घेतला. साफ होतं.

राहिली हवा.

हा ट्रॅक्टर जुन्या बनावटीचा. बोनटच्या वर एक नळकांडं उभं, त्याच्या डोक्यावर झाकणाचा पारदर्शक डबा. हवा तिथनं आत येते, नळकांड्यातनं खाली उतरते, आणि तळाला एक वाटी असते ऑइलची, तिच्यावरनं जाते. धूळ त्या ऑइलला चिकटते, हवा जाळीतनं साफ होऊन इंजिनात जाते. वाटीला आतनं खूण असते. खुणेपर्यंतच ऑइल ठेवायचं. जास्त झालं, तर हवेबरोबर ते ओढलं जाऊन इंजिनात पोचतं, आणि जळतं.

तनुजानं वाटीची कडी काढली. वाटी हातात घेतली तशी ती जडच लागली. दोन्ही हातांनी सांभाळून खाली आणली तरी कडेवरनं तिच्या मनगटावर ओघळलं.

खूण कुठंतरी खाली बुडालेली होती.

सोमनाथचा चेहरा उतरला. सर्व्हिसिंगला मी खुणेएवढंच भरलं होतं, तो म्हणला. मग त्यानं वर हात घालून डब्याच्या झाकणाचा नट बघितला. तो नट तो पक्कडीनं आवळायचा, कारण खडबडीत रस्त्यावर झाकण उडून जायचं. आता तो दोन बोटांनी फिरला. कोणी तरी तो काढून परत नुसत्या हातानंच लावला होता.

वरचं झाकण काढून, नळकांड्याच्या तोंडातनं कोणी तरी ओतत होतं.

एवढं डोकं कोणाला चालेल? रिंगा न उघडता रिंगा गेल्यासारखा धूर काढायचा, दुसऱ्याच्या कामाला बट्टा लावायचा, आणि वर स्वतःच पंच म्हणून उभं राहायचं? तनुजाला एकच माणूस दिसला. तिनं वाटीतलं थोडं पाण्याच्या बाटलीत ओतून घेतलं, सोमनाथला सांगितलं की वाटी आहे तशी लाव आणि ट्रॅक्टर हळू घरी ने, आणि स्कूटी चिकलठाण्याकडं वळवली.

५

शिवराज जेवत होता. गॅरेजच्या मागं, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर डबा मांडून. चाळिशीचा माणूस, शहरात वाढलेला, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. तनुजानं बाटली त्याच्या डब्याशेजारी आपटली आणि जे तोंडात आलं ते बोलली. दोन पोरं पाने हातात धरून ऐकत उभी राहिली.

शिवराजनं घास संपवला, पाणी प्याला.

"हो गया? बस आता."

ती बसली नाही. तो म्हणला, तुझ्या बापानं माझी गिऱ्हाइकं नेली हे खरं. मला तो आवडत नाय हे बी खरं. पण अपघातानंतरच्या सगळ्या शनिवारी मी देवगाव रंगारीला होतो, मळणी यंत्राच्या कामाला, आणि रविवारी दुपारी परत. ह्या दोघांना विचार, नायतर तिथल्या कोणालाही विचार. पोरांनी माना हलवल्या. आज तू नशिबानं मला वेळेत गाठलंस, तो म्हणला, मी आत्ताच येऊन बसलोय. दाराशी उभ्या जीपवर लाल माती होती, आणि मागं मळणी यंत्राचा भुसा अजून चिकटलेला होता. तनुजाला ते आत येतानाच दिसलं होतं, रागात मनावर घेतलं नव्हतं एवढंच.

मग शिवराजनं बाटली उचलली. उजेडात धरली, हलवली, झाकण काढून नाकाशी नेली, आणि भुवई वर केली.

"अरे, मला बदमाशी करायची असती तर इंजिन ऑइल घातलं असतं ना मी. फुकट पडलंय इथं, काळं, वापरलेलं. कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता." त्यानं बाटली तिच्या हातात दिली. "सूंघ."

रागाच्या भरात तिनं वास घेतलाच नव्हता. आता घेतला. जळकट ऑइलचा वास होताच, पण त्याच्या मागं दुसरा एक होता. गोडसर, जुना. तिनं एक थेंब बोटावर घेतला. पातळ, पिवळट. तो वास कुठला ते तिला माहीत होतं, पण गॅरेजमधला नव्हता तो. देवळातला होता. दिव्याचा.

तिळाचं तेल.

शिवराज म्हणला, हे मिस्तरीचं काम नाय. मिस्तरी असलं तेल हातात धरत नाय. पण उद्या मी येणार, जबान दिली आहे. कोणी ओतलं ते कळलं नाय तर मी इंजिन खोलणार आणि जे दिसंल ते बोलणार.

"गेज मीच धरीन," तनुजा म्हणली.

"धर," शिवराज म्हणला. "मला खोटं बोलायची गरज नाय."

६

करमाडच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. रविवारी धूर सगळ्यांत जास्त, म्हणजे ओतणं शनिवारचं. शनिवारी ट्रॅक्टर सुदर्शनच्या घरी उभा. सोमनाथ सुट्टीवर. ओतणारा घरातला. सुदर्शन स्वतःच्या ट्रॅक्टरचा धूर काढून स्वतःचं काम कशाला घालवील? आणि तिळाचं तेल, शनिवार, अपघात. अपघातानंतर शपथ कोणी घातली? अपघाताचं विचारायला गारखेड्यापर्यंत कोण गेलं होतं?

हे कोणी वैरानं केलेलंच नव्हतं. म्हणून वैरी शोधून सापडत नव्हता.

सुदर्शन गावात गेला होता. त्याची बायको आशाबाई गोठ्यात, आणि सुदर्शनची आई द्वारकाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. तनुजानं विचारल्यावर म्हातारीनं काहीच लपवलं नाही. उलट कोणी तरी विचारलं म्हणून खूश झाली. शेंगांचं सूप बाजूला सारून सांगायला लागली.

अपघात झाला तवा तिनं गारखेड्याच्या सदाशिव गुरुजींना विचारलं. ते म्हणले, शनीची पीडा आहे, शनिवारी लोखंडावर तेल घालत जा. ते देवळातल्या शनीबद्दल बोलत असतील, पण द्वारकाबाईनं विचार केला, की लेकाच्या जिवावर उठलेलं लोखंड तर दारातच उभं हाय. त्याला सोडून दुसरीकडं तेल घालून काय उपेग? पहिल्या शनिवारी तिनं बोनटवर घातलं. सुदर्शन ओरडला, रंग जातो म्हणून. मग एक दिवस सोमनाथ वरचा डबा उघडून पुसत होता, तिनं बघितलं, आत नळी आहे.

"म्हणलं हे तर तोंड हाय त्याचं," द्वारकाबाई म्हणली. "निवद कुठं अंगावर फेकत्यात का? तोंडातच द्यावा. तवापासून दर शनिवारी वाटीभर घालते. बाजेवर चढून. कोणाला काय सांगितलं नाय, सांगितलं की गुण जातो म्हणत्यात."

तनुजाला हसावं की ओरडावं कळेना. धुराला कंटाळून टँकर बंद करायला निघालेल्या माणसाच्या सांगण्यावरनंच तो धूर निघत होता. तिनं म्हातारीला सगळं समजावून सांगितलं. वाटी, खूण, हवा, धूर. आणि उद्या फाट्यावर काय होणार तेही.

द्वारकाबाईचा चेहरा हळूहळू बदलला. शेंगा तशाच राहिल्या.

"सुदर्शननं चारचौघांत सांडूला चोर म्हणलं, माझ्यापायी?" ती म्हणली. मग म्हणली, "माझं नाव घेऊ नको, बाई. त्याला खाली बघायला लावू नको. लेकरू हाय माझं."

"आणि माझ्या बापाचं नाव?"

म्हातारीनं शेंगांचं सूप परत पुढ्यात ओढलं. तनुजानं कबूल काही केलं नाही. ती उठली आणि गाडीला किक मारली.

७

सोमवारी फाट्यावर रसवंतीच्या बाकड्यांवर जागा उरली नव्हती. मागं भरलेला टँकर जोडलेला ट्रॅक्टर मध्ये उभा, शिवराजनं पाने मांडलेले, सुदर्शन हाताची घडी घालून, आणि सांडू स्वतःच्या गॅरेजच्या पायरीवर. त्याला तनुजानं रात्रीच सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं होतं, एवढंच.

शिवराजनं पहिला बोल्ट धरायच्या आत तनुजा पुढं आली.

"इंजिन खोलायच्या आधी एक वाटी खोलते," ती म्हणली. "रिंगांनी धूर काढला असता तर पट्टीवर ऑइल घटलं असतं. बघा, भरलेली हाय. रिंगांनी काढला असता तर रोज निघाला असता. सोमनाथदादा सांगंल, शुक्रवारी नसतो. हे ऑइल पोटातनं येत नाय. वरनं येतंय."

तिनं सोमनाथला इंजिन चालू करायला लावलं. टँकरसह थोडं पुढं नेताच निळा लोट उठला. मग तिनं इंजिन बंद करून वाटी उतरवली आणि सगळ्यांसमोरनं फिरवली. बुडालेली खूण दाखवली. शिवराजनं वाकून बघितलं आणि मान डोलावली. वाटी रिकामी केली, जाळी डिझेलनं धुतली, खुणेएवढं ऑइल भरलं.

इंजिन परत चालू झालं. परत निळा धूर आला.

सुदर्शन हसला. मागनं कोणी तरी म्हणलं, झालं का समाधान? तनुजाचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. पाइपात राहिलेलं जळू द्या, ती म्हणली, आणि सोमनाथला पुलापर्यंत भरला टँकर ओढून परत यायला सांगितलं.

ट्रॅक्टर गेला, धुराच्या मागं दिसेनासा झाला. लोक रस्त्याकडं बघत राहिले. परत आला तेव्हा दुरूनच सोमनाथचे दात दिसत होते, कारण मध्ये धूरच नव्हता. चढावर इंजिनवर भार आला, सायलेन्सरच्या तोंडाशी हवा नुसती थरथरली, बाकी काही नाही.

शिवराजनं पाने गोळा करायला घेतले. "इसमें खोलनेका कुछ नहीं," तो म्हणला. "रिंगा चांगल्या हायेत."

पण सुदर्शन मागं हटणारा नव्हता. तो म्हणला, वरनं ओतलं म्हणतेस, मग ओतलं कोणी? नाव सांग. नायतर मी म्हणतो सांडूनंच ओतलं, स्वतःचं पाप झाकायला. दोघं-तिघं त्याला दुजोरा द्यायला लागले.

तनुजानं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. तेवढ्यात सांडू पायरीवरनं उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाव नको."

"आबा, हे लोक तुम्हालाच..."

"म्हणू दे. धूर थांबला. नाव नको."

तिनं बापाकडं बघितलं. त्याला शंका घेऊन जगायची तयारी होती, पण एका म्हातारीला चारचौघांत उभं करायची नव्हती. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं, आणि तिनं ओठ दाबून धरले. सगळ्यात अवघड गोष्ट ती हीच, गप बसायची.

"मी ओतलं."

लोक मागं वळले. आशाबाईच्या खांद्याला धरून द्वारकाबाई उभी होती. फाट्यापर्यंत चालत आल्यामुळं धाप लागलेली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळं सांगितलं. गुरुजी, शनिवार, वाटीभर तेल, नळीचं तोंड. कोणी तरी हसलं, आणि शिवराजनं त्याच्याकडं बघितलं तसा तो गप झाला.

सुदर्शन पुढं आला. आईवर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो तिच्याजवळ गेला, काही तरी विचारलं, तिनं मान हलवली. मग तो सांडूसमोर येऊन हळूच पुटपुटला, की चूक झाली.

तनुजा आडवी आली. "चोर म्हणलात तवा टपरीपर्यंत ऐकू गेलं होतं, काका."

सांडूनं ह्या वेळी तिला थांबवलं नाही.

सुदर्शननं मान वर केली. टपरीकडं, रसवंतीकडं, जमलेल्या सगळ्यांकडं बघितलं, आणि म्हणला, "सांडूनं रिंगा नव्याच घातल्या होत्या. मी खोटं बोललो त्याच्याबद्दल." आवाज फाटला, पण टपरीपर्यंत गेला.

लोक उठायला लागले. शिवराज जीपकडं निघाला, जाता जाता तनुजाला म्हणला की गेज धरायचं राहून गेलं तुझं. ती म्हणली, परत कधी तरी.

द्वारकाबाई मात्र ट्रॅक्टरपाशीच घुटमळत होती. तिला वेगळीच काळजी लागली होती. तिनं सांडूला विचारलं, "ते समदं ठीक हाय बाबा. पण आता येत्या शनिवारी मी तेल घालू कुठं? अन् नाय घातलं, अन् ह्याला काय झालं तर?"

सुदर्शन बोलणार होता. सांडूनं त्याला हातानं गप केलं. तो मागं गेला, ट्रॅक्टर आणि टँकर जिथं जोडतात तिथं गुडघ्यावर बसला. जोडाची पिन गंजून लाल झालेली होती. ही जाम होऊन टँकर कलंडला असंल कदाचित, तो सोमनाथला म्हणला, कोणी हिच्याकडं कधी बघतच नाय.

मग त्यानं म्हातारीला हात देऊन जवळ आणलं आणि बोटानं जागा दाखवली.

"इथं घाला, माय. दर शनिवारी. लोखंडच हाय, अन् ह्याला लई गरज हाय."